समोरच्या गॅलरीतली मैत्रीण

माझ्या मुलीची जिवलग मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीत गल्ली सोडून गेली. परदेशी नाही, परगावीही नाही. कोल्हापुरातच, आमच्या पेठेतून दुसऱ्या पेठेत. तिच्या वडिलांनी तिकडं फ्लॅट घेतला होता. टेम्पोत कपाट चढत होतं तेव्हा मी त्या लोकांना चहा घेऊन गेले आणि दारात मुसमुसणाऱ्या आमच्या पोरीला म्हणाले, "रडतीस कशाला? गाडीवरनं धा मिनिटं लागत न्हाईत." पुढं कितीतरी दिवस हेच वाक्य मी, तिचे पप्पा आणि शेजारपाजारच्या सगळ्यांनी तिला ऐकवलं. ऐकून ती गप्प बसायची आणि आम्हाला वाटायचं, पटलं.

आमच्या गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या मुली या दोघीच. पोरांच्यात खेळायचं तर दोघी लागतातच. एकीला ढकललं की दुसरी भांडायला पुढं. मैत्रीण गेल्यावर पोरांनी हिला आधी गोलमध्ये उभं केलं, मग "तू उद्या ये" म्हणायला लागले. तो उद्या काही उजाडलाच नाही. आमच्या पोरीचा सगळा भरवसा रविवारावर होता. "दर रविवारी खेळायला येतो म्हणालीया ती," असं ती मला चपात्या लाटताना सांगायची, मी विचारलेलं नसतानाही.

पहिल्या रविवारी मैत्रीण खरंच आली. दोघींनी मिळून पोरांना घाम फोडला आणि मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. दुसऱ्या रविवारी तिच्याकडं पाहुणे होते. त्यानंतर आमची पोर बूट घालून पायरीवर बसायची आणि ऊन डोक्यावर आलं की बूट काढून आत यायची. एकदा मीच फोन लावला. मैत्रिणीची आई म्हणाली, "अवो, ती खाली खेळायला गेलीया. हितं लई पोरी हाईत खेळणाऱ्या." फोन स्पीकरवर होता. पोरीनं ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तिच्या ताटात मी त्या दिवशी आवडीचं सगळं वाढलं, तिनं ते उष्टावून ठेवलं. माझा जीव तुटत होता आणि खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या पोरीचा रागही येत होता. नऊ वर्षांच्या लेकरावर राग धरणारी मी, माझंही कौतुकच.

त्यात फुटबॉलचा सीझन आला. मी गगनबावड्याकडची. पेठेचं हे खूळ मला लग्न झाल्यावर कळलं. टीम हरली की आमच्या घरात कुणी धड जेवत नाही आणि दोष आमटीला देतात. यंदा आमच्या पेठेची मॅच नेमकी मैत्रिणीच्या नव्या पेठेशी लागली. नवरा खुलला. "दोघींची गाठ तिथंच घालतो. तीबी येणारच की मॅचला." पोरगी किती दिवसांनी हसली! तिला भेटल्यावर काय विचारायचं ते तिनं ठरवून टाकलं होतं: येत्या रविवारी येणार का, हो की नाही. मैत्रीण बसणार कुठं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. घर बदललं म्हणून कुणी टीम बदलतं, ही कल्पनाच या घरात शिरत नाही.

आम्ही लवकर जाऊन स्टेडियममध्ये आमच्या बाजूच्या गॅलरीत बसलो. पोरीनं शेजारची जागा पाण्याची बाटली ठेवून धरली. कुणी बसायला आलं की ठणकावून सांगायची, "हितं माणूस हाय." मॅच सुरू झाली तरी ती मैदानाकडं बघेना, मागं गेटकडंच बघत राहिली. मग त्यांनी गोल मारला. समोरची गॅलरी उसळली आणि त्यात वडिलांच्या खांद्यावर, त्या पेठेची जर्सी घालून, झेंडा नाचवणारी ती दिसली. मला आधी दिसली. मी पोरीला काहीतरी खायला देऊ लागले, पण तिनं माझा हात बाजूला केला आणि बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं बाटली उचलून मांडीवर घेतली.

आम्ही हरलो. भांडणं नकोत म्हणून पोलीस दोन्ही बाजूंना वेगवेगळं सोडतात. आधी ते, मग आम्ही. जाळीच्या आत खोळंबलो होतो आणि बाहेरून त्यांच्या गाड्या हॉर्न वाजवत चालल्या होत्या. एका गाडीच्या टाकीवर ती बसली होती. तिनं आम्हाला पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला की माझा सगळा राग विरघळला. तिनं दोन्ही हात वर केले आणि आमच्या पोरीकडं बघून आनंदानं ओरडली, "गठुडं बांधा, घरला जावा!" गाडी पुढं गेली. तोंडाला तोंड देण्यात जी कुणाला हार जात नाही ती आमची पोर नुसती जाळी धरून उभी. ठरवलेला प्रश्न तोंडातच राहिला.

घरी चालत येताना मीच म्हणाले, "चेष्टा केली गं तिनं. तुला बघून किती खूश झाली, बघितलंस न्हवं?"

"बघितलं की," ती म्हणाली. थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "ते वरडायचं आम्ही दोघींनीच काढलंतं. त्याच पेठंला चिडवायला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण जवळही आली नाही.

"आई, ती लई लांब कुठंतरी गेली असती तर बरं झालं असतं."

असं बोलू नये, हे तिला सांगायला हवं होतं, पण मलाही तेच वाटत होतं.