मी वकिलीच का निवडली

डॉक्टरने मला थोबाडीत मारली तेव्हा माझ्या हातात हातोडी होती.

हे आधीच सांगतो, कारण लोक विचारतात, मग तू काय केलंस? काही नाही केलं. हातोडी खाली ठेवली आणि 'जी साहेब' म्हणालो. त्या 'जी साहेब'ची मला आजही किळस येते. मारापेक्षा जास्त.

टेबलावर एक मुलगी होती. बावीस-तेवीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेर देवरीकडचं, गरीब. सासर पैसेवालं. फाशी घेतली, असं सासरच्यांनी लिहून दिलं होतं.

मी त्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी सफाई कामगार होतो. पहिल्याच महिन्यात मला पीएम रूममध्ये उभं केलं. पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम. दवाखान्यात दोन शिपाईही होते, त्यांना कोणी सांगितलं नाही. मला सांगितलं. आडनाव वाचून सांगितलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव बाहेर काढले आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं. नातवाच्या हातात सरकारने मेलेली माणसं दिली.

तिथली रीत अशी. डॉक्टर नाकाला रुमाल लावून खिडकीपाशी उभा राहतो. कापतो मी. छातीची हाडं मी तोडतो, कवटी मी फोडतो, शेवटी दाभणाने मी शिवतो. तो लांबून विचारतो, लिव्हर कसं आहे? मी उचलून दाखवतो. तो लिहितो. प्यायल्याशिवाय माझा हात चालायचा नाही. बाटलीची सोय मेलेल्याच्या नातेवाइकांनी करायची, हेही ठरलेलं. एकोणीस वर्षं मी नशेत माणसं उघडली आणि घरी जाऊन त्याच हाताने पोरीला भरवलं.

त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. मुलीच्या बापाजवळ बाटलीपुरतेही पैसे नव्हते. म्हणून मला नीट दिसलं. फाशीचा वळ हनुवटीखालून तिरपा कानामागे चढत जातो. असे वळ मी कितीतरी पाहिले होते. हिचा वळ आडवा होता. खाली होता. गळाभर फिरलेला होता. नखांचे ओरखडे होते.

मी म्हणालो, "साहेब, हे फाशी नोहे जी. जवळ येऊन पाहा. गळा आवळला हाय."

तो खिडकीपासून हलला. टेबलापर्यंत आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एक डॉक्टर टेबलापर्यंत आला. मला वाटलं, बघायला आला. त्याने मारली.

"तुझं काम कापायचं," तो म्हणाला. "डोकं चालवायला तुला ठेवलेलं नाही. आधी आडनाव बघ स्वतःचं."

मग रुमाल पुन्हा नाकाला. मी तिला शिवलं. पोट, छाती, डोकं. गाल चरचरत होता आणि मी टाके घालत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

बाहेर तिचा बाप उकिडवा बसला होता. मला पाहून उठला. माझे हात धरले. ते हात कोणी धरत नाही.

"भाऊ, तुनं पायलं न? सांग ना गा. माया पोरीनं खरंच फासी घेतली का?"

मी म्हणालो, साहेबाले इचारा. आणि बादली उचलून निघून आलो. डॉक्टरने मला एक मारली होती. मी त्या म्हाताऱ्याला त्याहून मोठी मारली.

रिपोर्टात फाशी आली. संध्याकाळपर्यंत मुलगी जळली.

नवव्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. मला वाटत होतं, माझं नाव कागदावर कुठेतरी असणारच. कापणारा म्हणून. मदतनीस म्हणून. इतकी वर्षं मी हेच धरून चाललो होतो, कधी कोणाला विचारलंही नव्हतं. जमादाराने कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'शवविच्छेदन मी स्वतः केले.' खाली डॉक्टरची सही.

"तू तं तिथं नव्हताच न गा," जमादार म्हणाला. चहा पीत म्हणाला. रागाने नाही.

एकोणीस वर्षं. किती माणसं उघडली, मोजली नाहीत. आणि कागदावर मी एकालाही हात लावलेला नव्हता.

त्या दिवशी मला त्या डॉक्टरला मारून टाकायचं होतं. लपवत नाही. सुरी कुठे घालायची, किती आत घालायची, हे मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. घरून चालत निघालो आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलोसुद्धा. परत का फिरलो? मी कापला असता, तर तेवढ्या एका मुडद्यावर माझं नाव पक्कं लिहिलं गेलं असतं. त्याच्या खुनासाठी मी कागदावर येणार नव्हतो.

पुढचं पीएम आलं. तलावात बुडालेला माणूस, दोन दिवस पाण्यात राहिलेला. डॉक्टर खिडकीपाशी. म्हणाला, कर सुरू. मी हातमोजे काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"तुमी सोता करता न, कागदावर. तं करा."

तो ओरडला. पोलिसाला आत बोलावलं. शिव्या दिल्या, नोकरी घालवीन म्हणाला. मी हात तसाच पुढे धरून उभा होतो. त्याने मोजे घेतले नाहीत. दुसऱ्या तालुक्यातून जीप पाठवून माझ्यासारखाच एक माणूस आणवला, तोवर चार तास तो मुडदा तसाच पडून होता. त्याचीही माफी मी मनात मागितली. संध्याकाळी मला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. नोकरीवर घेतलं तेव्हा कागद नव्हता, काढलं तेव्हाही नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसलो आणि ठरवलं, शिकायचं. कोणी म्हणालं ई-रिक्षा घे. कोणी म्हणालं आयटीआयचा छोटा कोर्स कर. मला मात्र तेच हवं होतं, मुडद्याचं शास्त्र. गोंदियाला बसने गेलो. कॉलेजातल्या क्लार्कने माझी बारावीची मार्कशीट उलटसुलट पाहिली. आर्ट्स है आपका, साइंस चाहिए, म्हणाला. बी.ए. कर लो चाचा, घर बैठे हो जाएगा. आर्ट्स मी मागितलं नव्हतं. अकरावीला मास्तरने फॉर्म हातातून घेतला होता. तुमच्या पोरांना सायन्स झेपत नाही, म्हणून स्वतःच्या पेनाने लिहिलं होतं. पंचवीस वर्षांनी त्या पेनाने माझं दार पुन्हा बंद केलं. बसस्टँडवर मी मोठ्याने त्याला आईवरून शिवी दिली. लोक बघत राहिले.

घरी आलो तर बायकोने आधी थट्टा केली. केस पांढरे झाल्यावर आता पाटी-पेन्सिल आणून देऊ का, म्हणाली. मग भाजी चिरता चिरता थांबली.

"तुमाले शिकाचं का हाय जी? मुरदा का बोलते, थे तं येतेच तुमाले. तुमचं कोनी आयकत नाही, थे दुखून रायलं."

ती सातवी शिकलेली. जे मला कळत नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. मला ज्ञान कमी नव्हतं. विचारायचा हक्क नव्हता. डॉक्टरला प्रश्न विचारू शकेल असा माणूस या देशात कोण? ज्याला त्याने उत्तर दिलंच पाहिजे, असा? मी पुन्हा गोंदियाला गेलो. वकिलीला बारावी आर्ट्स चालते. वयाची अट नव्हती. प्रवेश परीक्षेला बसलो, पास झालो. वर्गात पोरं मला काका म्हणतात. पहाटे एका लॉजच्या फरश्या पुसतो आणि मग वर्गात जाऊन बसतो. दारूला त्या मुलीनंतर हात लावला नाही.

मन शांत झालं, असं कोणी समजू नये. देवरीकडे जाऊन मी त्या बापाला सगळं सांगितलं. आवळलं होतं म्हणून सांगितलं.

"तवा काऊन नाही बोलला?" तो म्हणाला, आणि माझ्या तोंडावर दार लावलं. बरोबर केलं त्याने.

पाच वर्षांतली दोन गेली. तीन राहिली. कोर्टात पीएमचा डॉक्टर साक्षीला येतो, शपथ घेतो. वकील त्याला जखम विचारतात, वेळ विचारतात, हत्यार विचारतात. मी ते नंतर विचारणार. आधी विचारणार, शव उघडलं कोणी? त्याचं नाव सांगा. तो माणूस इथे बोलवा, त्याची साक्ष लिहून घ्या. न्यायाधीश चिडले तरी चालतील. नाव कागदावर चढेपर्यंत मी खाली बसणार नाही.