म्हाळात आलेलं खोकं

दसरा-दिवाळी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. तासगावच्या नणंदेला टीव्ही हवा असतो, जावेला मिक्सर, कुणाच्या पोराला अभ्यासासाठी टॅब. सगळ्यांचं विचारणं एकच, आत्ता घेऊ का थांबू? आणि माझं उत्तर ठरलेलं. थांबा, सेल लागू द्या. कुठल्या कार्डावर किती सूट, जुना फोन दिला तर किती कमी, कुठली किंमत आधी उगाच वाढवून मग खोडली आहे, हे मला तोंडपाठ असतं. कुणी छापील किमतीला वस्तू घेतली असं कळलं की माझ्या पदरचे पैसे गेल्यासारखी मी चडफडते. नवरा म्हणतो, तुला वस्तू नको असते, तुला जिंकायचं असतं. ते खरं आहे, पण त्याच्यासमोर मी ते कधी कबूल केलेलं नाही.

मी सांगलीत राहते, एका शाळेत शिकवते. माहेर साताऱ्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बरोबरीचे कुणी कारखान्यावर सिक्युरिटीत लागले, कुणी ऊस बघायला गावी गेले. आप्पांनी वाचनालयाची वर्गणी भरली. सकाळचा चहा झाला की अंगणात खुर्ची, नाकावर चष्मा, मांडीवर पुस्तक. जेवण झालं की पुन्हा पुस्तक. आई म्हणायची, ह्यांची ड्यूटी काय संपली न्हाई, बंदुकीच्या जागी पुस्तक आलं एवढंच.

गेल्या वर्षी मे महिन्यात ते म्हणाले, ओळीतले मधले शब्द कुणीतरी खाऊन टाकतंय. सांगलीला आणून डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर बरोबर मधोमध डाग पडला होता. गेलेली नजर परत येणार नाही, इंजेक्शनांनी पुढचं नुकसान जरा लांबेल, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. आम्ही उठल्यावर म्हणाले, अक्षर मोठं मिळालं तर अजून काही महिने वाचू शकतील. काही महिने, हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते माहीत नसल्यामुळं केलं असं कुणाला वाटायला नको.

तेव्हा त्यांच्या हातात एक जाडजूड कादंबरी होती. शेवटची साठेक पानं उरली होती. भिंग घेऊन ते दिवसाला अर्धं पान वाचत, मग डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. तर म्हणाले, "दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं म्हंजी दुसऱ्यानं चावून दिल्यागत. मला माझ्या दातांनी खाऊ दे." विषय तिथंच संपला. ती साठ पानं त्यांना स्वतः वाचायची होती. आयुष्यात त्यांनी आमच्याकडं कधी काही मागितलं नाही, आणि हेसुद्धा मागितलं असं म्हणता येणार नाही.

मी लगेच कामाला लागले. शाळेतल्या एका मैत्रिणीचा टॅब एका रविवारी साताऱ्याला नेला, पण त्याच्या उजेडानं आप्पांना पाच मिनिटांत डोळे मिटावे लागले. मग कळलं की नुसती पुस्तकं वाचायला असलेल्या ई-रीडरचा पडदा कागदासारखा असतो, डोळ्यांवर मारा करत नाही, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ती कादंबरीही त्यावर मिळत होती. लहान पडद्याचा, मोठ्या पडद्याचा, उजेडाचा, बिनउजेडाचा, सगळे मी पालथे घातले आणि एक नक्की केला. आप्पांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी त्याचं नाव पाटी ठेवलं. कवा येतीया तुझी पाटी, असं ते दर रविवारी विचारायचे.

हे जुलैतलं. त्याच दिवशी बटण दाबलं असतं तर चार दिवसांत पाटी साताऱ्यात पोचली असती, आणि पैसेही होते माझ्याकडं. पण जगाला जे सांगते तेच मी स्वतःला सांगितलं, थांब. ऑगस्टमध्ये एक सेल येऊन गेला. त्यात टॅब स्वस्त झाले, हेडफोन झाले, कपडे धुण्याची मशिनं झाली, ई-रीडर तेवढा जागचा हलला नाही. मग माझ्या जिवाची नुसती उलघाल सुरू झाली. दोन तासांच्या मधे वर्गाच्या दारात उभी राहून किंमत बघायची. भाजी चिरताना बघायची. साताऱ्याला जाताना आष्ट्याच्या स्टँडवर एसटी थांबली की बघायची, रेंज गेली की खिडकीबाहेर हात काढायची. शेजारची बाई एकदा म्हणाली, घरात कोण आजारी आहे का? मी नाही म्हणाले.

शेवटी सेल लागला तो नेमका म्हाळात.

म्हाळ म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आमच्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत. अगदी झाडूसुद्धा नाही. पण सेल काही म्हाळ बघून थांबत नाही, म्हणून आमच्या गल्लीनं त्यावर तोड काढली आहे. समोरच्या काकू जैन आहेत. त्यांचे पर्युषण पर्वाचे उपास नुकतेच संपलेले असतात आणि त्यांच्यात म्हाळ नसतो. म्हणून सगळी गल्ली सेलमध्ये मागवते आणि पत्ता काकूंचा देते. त्यांच्या पुढच्या खोलीत पंधरा दिवस खोकीच खोकी असतात. टीव्ही, मिक्सर, कुणाचा गीझर. आणि घटस्थापनेच्या सकाळी जो तो आपापलं खोकं हळद-कुंकू लावून घेऊन जातो. पितरांना पत्ता बदललेला कळत नाही, असं काकू हसून म्हणतात.

ई-रीडर एवढा खाली आला की मला घाम फुटला. मी तो घेतला, काकूंचा पत्ता दिला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. चौथ्या दिवशी खोकं आलं. काकूंनी हाक मारून दाखवलं आणि म्हणाल्या, "उघडून चालवून तर बघ. माझ्या घरात हाय, माझ्यात कुठला म्हाळ? आणि वडलांना आजच धाडून दे की."

मी म्हटलं, नको काकू, आईला कळलं तर तिला आवडायचं नाही. घटस्थापनेलाच नेते.

खोक्यावरच्या कागदावर लिहिलं होतं, सात दिवसांत बदलून मिळेल. ते मी वाचलं. नव्या वस्तूला काय होतंय, म्हणून कागद घडी घालून पुन्हा सरकवला. त्यानंतरचे दहा दिवस माझा पाय घरात ठरला नाही. शाळेतून येताना आधी काकूंकडं डोकवायचं, खोकं हातात घ्यायचं, ठेवायचं. रविवारी आप्पांचा फोन आला. कादंबरीचं विचारलं तर म्हणाले, भिंगानंबी आता काय लागंना झालंय. मी म्हटलं, आप्पा, आठवडाभर फक्त. त्यावर ते म्हणाले, बरं. फौजेतल्या माणसाला थांब म्हटलं की थांबायची सवय असते.

घटस्थापनेला रजा टाकून पहिली एसटी पकडली. घरी घट बसले होते. आईनं खोक्याला कुंकू लावलं, आप्पांनी न्हाऊन स्वच्छ शर्ट घातला होता, दाढीही केली होती. मी खोकं उघडलं, पाटी चालू केली, कादंबरी उतरवून घेतली, अक्षर मोठं केलं आणि त्यांच्या हातात दिली. वरच्या अर्ध्या पडद्यावर अक्षरं होती. खालच्या अर्ध्यात नुसत्या काळ्या आडव्या रेघा. मी बंद करून चालू केली, पुन्हा केली. रेघा तशाच.

आप्पा मान कलती करून कडेनं बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "ह्या रेघा पाटीवर हायत का माझ्या डोळ्यात?"

पाटीवर, मी म्हटलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे हायसं वाटणं आलं ते मला बघवेना. मी फोन घेऊन अंगणात गेले. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. बदलून देण्याची मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. आता दुरुस्तीला पाठवावं लागेल, चार ते पाच आठवडे. मी तिच्यावर ओरडले. तिचा काही दोष नव्हता.

आत येऊन मी आईसमोर म्हाळाला शिव्या घातल्या. हा तुमचा म्हाळ नसता तर त्याच दिवशी उघडलं असतं, त्याच दिवशी बदललं असतं. आई घटाजवळचा दिवा सारखा करत होती. तिनं वळूनही बघितलं नाही.

"मला इचारलंस का तू?" ती म्हणाली. "इचारलं असतंस तर म्हटलं असतं, आण. म्हाळ काय त्येंच्या डोळ्यापरास मोठा हाय व्हय?"

मी विचारलं नव्हतं. तिला आवडणार नाही हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला तेव्हा तिचा राग आला. माझाच यायला हवा होता, तो नंतर आला.

आणि याच्यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. त्याच संध्याकाळी नवरा फोनवर म्हणाला, दुसरा मागव, लगेच. सेल संपला होता आणि किंमत होती तिथं जाऊन बसली होती. मी म्हटलं, एकाच वस्तूचे दोनदा पैसे कशाला, दुरुस्त होऊन येतोयच की. मी आणखी दोन-तीन कारणं दिली, जी मला आता आठवतही नाहीत. दसरा गेला. त्या दिवसांत मी नणंदेला टीव्ही घेऊन दिला, जावेला मिक्सर, सगळं भरघोस सवलतीत, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. दुरुस्तीला पाठवलेलं पार्सल कुठवर आलं ते रोज बघायची. पुण्यात आहे, पुण्यात आहे, पुण्यातच आहे. वर्गात पोरांवर उगाच डाफरायची. दिवाळीला माहेरी गेले तर आप्पा अंगणात खुर्चीवर तसेच बसलेले, मांडीवर काही नाही. मी फाटकातून आले तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. गल्लीतले एक निवृत्त हवालदार बसायला आले होते. त्यांना आप्पा अभिमानानं सांगत होते, पोरीनं पाटी निम्म्या किमतीत आणलीया, आमची लय हुशार हाय असल्या कामात. मी चहा करायला आत निघून गेले.

पाटी आली दिवाळीनंतर आठवड्यानं. वरातीमागून घोडं. त्याच रविवारी मी साताऱ्याला नेली. पडदा आता स्वच्छ होता, एक रेघ नव्हती. आप्पांनी खुर्ची उन्हाकडं फिरवायला लावली. त्यांनी जिथं सोडलं होतं ते पान मी शोधून दिलं. अक्षर मोठं केलं. अजून मोठं कर, म्हणाले. अजून. शेवटी त्यापुढं वाढेना. एका पानावर जेमतेम सहा-सात शब्द मावत होते.

ते मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेक अक्षर लावत होते. ओठ हलत होते. एक वाक्य चार पानं चाललं. चौथ्या पानावर पोचल्यावर पहिल्या पानावरचं विसरलं, म्हणून ते मागं गेले. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. आई दारात उभी होती, मी पायरीवर. मधेच ते एका शब्दाशी अडले तो मला पायरीवरून लख्ख दिसत होता. मी दात आवळून गप्प बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी पाटी मांडीवर ठेवली, तळहातानं दोनदा पुसली आणि माझ्याकडं धरली.

"घे. वाच तू."

मी म्हटलं, आप्पा, अजून बघा जरा, उन्हं खाली गेली की सोपं जाईल. उद्या सकाळी बघा. नवीन आहे, सवय व्हायला वेळ लागतो. मी भरभर बोलत सुटले होते.

"न्हाई. गेलं ते," ते म्हणाले. "वाच."

मी अक्षर माझ्यापुरतं बारीक केलं. त्यांची कितीतरी पानं माझ्या एका पानात येऊन बसली. वाचायला लागले आणि वेग वाढवत गेले. शब्दांवर शब्द आपटत, थांबले तर रडू येईल या भीतीनं. दुसऱ्या परिच्छेदावर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश वाच, बाय. एवढी कसली गडबड हाय तुला?"

ही गडबड मी जुलैत करायला हवी होती. मी पहिल्या ओळीवर परत गेले आणि सावकाश वाचायला लागले.