पितळेचा गेज

खडकी बाजारात मासे विकणाऱ्या मावशी मला लांबून पाहिलं की शेजारणीला म्हणतात, "आले बघ इन्स्पेक्टर." चौतीस वर्षं मी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होतो. नोकरीतून निवृत्त झालो, सवयीतून नाही. माझ्या खिशात पितळेची एक पट्टी असते. पापलेट त्या पट्टीपेक्षा आखूड भरलं तर ते माझ्या पिशवीत येत नाही. मावशी एकदा वैतागून म्हणाल्या, "साहेब, मासा घ्यायला आलात का सून पसंत करायला?" मी म्हटलं, "सून एकदाच बघायची असते, मासा दर रविवारी." तेव्हापासून आमचं बरं जमतं.

हे वेड मला लावलं बायकोने. मी देशावरचा, आमच्याकडे मासा म्हणजे फार तर सुकट. ती रत्नागिरीकडची, होडीवाल्याची मुलगी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी मोठ्या हौसेने तळहाताएवढी पापलेटं आणली, स्वस्त मिळाली म्हणून वर बढाईही मारली. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही तर पोरं आहेत. एकदाही अंडी घातली नसतील यांनी." तिने ती तळली, मला वाढली आणि स्वतः आमटीभात जेवली. मला राग आला होता, हे कबूल करतो. पण मुद्दा तिचा बरोबर होता, आणि बरोबर मुद्द्यापुढे मी फार वेळ रागावून राहू शकत नाही.

तर मी पट्टी केली, आणि बरीच वर्षं समजत होतो की समुद्रासाठी मी माझं काम चोख करतोय. हा गैरसमज माझ्या मेहुण्याने काढला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वडिलांची होडी तोच चालवतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत, समुद्र बंद असताना, तो आमच्याकडे आला. जून-जुलैत मासे अंडी घालतात म्हणून मासेमारी बंद असते, तेव्हा तो दरवर्षी चार दिवस येतो. येताना सुके बोंबील आणतो. त्या वर्षी बोंबलांबरोबर एक गच्च भरलेलं पोतंही होतं. चहा घेताना मी त्याला माझी पट्टी दाखवली, मावशींचा किस्सा सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "भावोजी, मेलेल्या माशाला मोजून काय होणार? तुम्ही नाही घेतला तर दुसरा घेईल. मोजायचं तर जाळ्याचा आस मोजा."

आस म्हणजे जाळ्यातलं एक भोक. कारखान्यात जन्मभर हेच ओरडत आलो होतो, की तयार माल नापास करणं म्हणजे तपासणी नव्हे, नुकसान आहे. चूक जिथे होते तिथे पकडा. आणि स्वतः मात्र बाजारात बर्फावरच्या माशाला नापास करत फिरत होतो. शहाणा म्हणवून घेणाऱ्याचं हे असं होतं.

मग त्याने येण्याचं कारण सांगितलं. त्यांच्या गावात होडीवाल्यांची सभा झाली होती. जाळी वर्षागणिक बारीक होत चालली होती. शेजाऱ्याने बारीक घेतलं की आपणही घ्यायचं, नाही तर तो नेतो आणि आपण बघत बसतो. त्यातून लहान पापलेट मोठं व्हायच्या आतच संपत होतं. सभेने ठरवलं की नारळी पौर्णिमेपासून गावातलं एकही जाळं ठरल्या आसापेक्षा बारीक असणार नाही. पण मोजणार कोण? गावात सगळेच एकमेकांचे सोयरे. फूटपट्टीने मोजलं तर जो तो आपल्या बाजूने ताणणार. तेव्हा मेहुण्याने सांगितलं होतं, "पुण्याला आमचे भावोजी आहेत. सख्ख्या भावाचाही माल नापास करतील असे आहेत. त्यांच्याकडून गेज करून आणतो." ही माझी स्तुती होती असं मी धरून चाललो.

गेज म्हणजे मोजपट्टी नव्हे. मोजपट्टी सांगते किती. गेज सांगतो हो की नाही. तो भोकात गेला तर माल पास, नाही गेला तर नापास, वाद संपला. आणि जायचा तो आपल्या वजनाने गेला पाहिजे, ढकलून नाही. गॅलरीत माझं टेबल आहे, त्यावर धातू घट्ट धरून ठेवणारा लहानसा व्हाइस बसवलेला. सभेने ठरवलेलं माप मेहुण्याने कागदावर लिहून आणलं होतं. मी जाड पितळेचा तुकडा कापला, दिवसभर कानस मारून, मायक्रोमीटर लावून गेज तयार केला. काम झक्क झालं होतं, उगाच विनय कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याने पोतं सोडलं. आत नवंकोरं जाळं होतं. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की हे त्याच मापाचं आहे. "पहिलं माझंच तपासा," तो म्हणाला. समुद्रात जाळं कोरडं नसतं, म्हणून आम्ही ते बादलीत भिजवलं. एक आस धरून मी त्यात गेज सोडला.

गेला नाही. अडकून उभा राहिला.

दुसरा आस, तिसरा, मग जाळ्याच्या मधले, मग दुसऱ्या टोकाचे. सगळीकडे तेच. फरक म्हणाल तर केसाएवढा. मेहुण्याने अंगठ्याने किंचित दाबलं आणि गेज सुळकन आत गेला. "थोडा दाबला की जातोय की," तो म्हणाला. मी म्हटलं, "जाणारच. पण पापलेटचं पोर बाहेर पडत असेल तेव्हा मागून ढकलायला तू उभा असणार आहेस का?"

बोललो आणि लगेच वाईट वाटलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. एका मोठ्या बोटीच्या मालकाने त्याला खलाशी म्हणून बोलावलं होतं. पाण्यावर झगमगीत दिवे लावून, भोवती जमलेला लहानमोठा सगळा मासा एका फेऱ्यात उपसणाऱ्या त्या बोटी. कायद्याने ते चालत नाही, पण चालतं. याच बोटींविरुद्ध मेहुणा इतकी वर्षं भांडत आला होता. "भावोजी," तो म्हणाला, "हे जाळं गेलं तर या मोसमाला माझ्याकडे दुसरं नाही. होडी विकायची आणि त्यांच्या बोटीवर चढायचं, एवढंच उरतं."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली, टेबलावरची कानस उचलून माझ्यासमोर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, चार हात मारा. केसाएवढंच तर आहे. गेज तुम्हीच केलाय, कोण विचारणार?"

खोटं कशाला बोलू, मी कानस हातात घेतली. जन्मभर ज्यांना मी अशा गोष्टींसाठी फैलावर घेतलं त्या सगळ्यांची तेव्हा मला आठवण झाली, आणि त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच जरा मायाही वाटली. बाहेरच्यासाठी कोणी मापात खोट करत नाही. करतो ते घरच्यासाठीच. तो गेज त्या दिवशी वाचला, पण त्याचं श्रेय मला नाही.

मेहुण्याने माझ्या हातातून कानस काढून घेतली. "ठेवा, भावोजी. ताई, तूही गप्प बस. सभेत नियम करा म्हणून सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होतो. आता माझ्यासाठी माप वाकवलं तर उद्या त्या दिवेवाल्यांपुढे कुठल्या तोंडाने उभा राहू?"

बायको आत निघून गेली. मला वाटलं रुसली. थोड्या वेळाने बाहेर आली ती पिशवी भरून. म्हणाली, "बाबांचं जुनं जाळं माळ्यावर असेल ना रे? मोठ्या आसाचं होतं ते. फाटलंय, पण मला शिवता येतं. नारळी पौर्णिमेला अजून तीन आठवडे आहेत." तीस-एक वर्षांत तिने जाळ्याच्या सुईला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून दोघं एसटीने गेले. मी तीन आठवडे पिठलं खाल्लं आणि तक्रार केली नाही, निदान फोनवर तरी नाही.

नवं जाळं तो इथेच टाकून गेला. "गावात नेलं तर कोणाला तरी मोह होईल," म्हणाला. पौर्णिमेला गावातली सगळी जाळी किनाऱ्यावर मांडली. तपासणी सुरू व्हायच्या आत मेहुण्याने उभं राहून सांगितलं की आपलं नवं जाळं पुण्यात नापास झालं, आणि ताईने शिवलेलं जुनं जाळं त्याने गेजखाली धरलं. गेज आपल्या वजनाने खाली गेला. त्यानंतर म्हणे फारसा आवाज कोणी केला नाही. नऊ जाळी बाजूला निघाली. बायको परत आली तेव्हा तिच्या बोटांची सालटं निघालेली होती आणि ती भलतीच खुशीत होती.

पहिला मोसम हलका गेला. मेहुण्याने फोनवर तसं सरळ सांगितलं, मीही धीराच्या गोष्टी केल्या नाहीत. पण होडी त्याने विकली नाही. पुढे गावातले चौघं तोच गेज घेऊन मासेमारीच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, "आम्ही हा आमच्या जाळ्यांना लावतो, तुम्ही त्या दिवेवाल्यांच्या जाळ्यांना लावा." त्या फेऱ्या अजून चालू आहेत. मला काळजी नाही. ज्यांनी आधी स्वतःला मोजून घेतलंय त्यांना असं फार दिवस टाळता येत नाही, हे मी कारखान्यात पाहिलेलं आहे.

ते नवं जाळं आता आमच्या गॅलरीला लावलंय. खडकीत कबुतरांचा उच्छाद आहे आणि लोक त्यासाठी विकतचं जाळं लावतात. आमच्या जाळ्यातून चिमणीही आत येत नाही.

या जुलैत मेहुणा आला तो बोंबील घेऊन, पोतं नव्हतं. गॅलरीत बसून त्याने खिशातून गेज काढला आणि सहज म्हणून समोरच्या जाळ्यात सोडून पाहिला. गेज आत गेला.

मेहुणा माझ्याकडे बघायला लागला. मी गेज घेतला, आतून मायक्रोमीटर आणला, कडा मोजल्या. दोन वर्षांत गावातल्या प्रत्येक जाळ्यातून, ओल्या वाळूसकट, तो इतके वेळा गेला होता की पितळ झिजलं होतं. केसाएवढं. कानशीने जे मी त्या दिवशी केलं नाही ते त्यांच्या तपासणीने केलं होतं. बायको मागे उभी होती, तिने विचारलं, "काय झालं?"

"नापास," मी म्हटलं. मग मी व्हाइस उघडला आणि मेहुण्याला नवा पितळेचा तुकडा धरायला दिला.