दाजींचा लांडगा

आमच्या दाजींच्या समोर माणूस आला की ते आधी त्याला नजरेनं कापून घ्यायचे. म्हणजे डोक्याच्या कडेकडेनं, कानामागून, खांद्यावरून अशी त्यांची नजर फिरायची आणि मग ते समाधानानं म्हणायचे, "निघतंय." इंदापुरात स्टँडपासून जवळच्या गल्लीत त्यांचं फ्लेक्स बोर्ड डिझाइन करायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचा फोटो मागच्या भिंतीपासून कापून आभाळावर चिकटवायचा, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. आक्काच्या लग्नात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्यांनी मला असंच कापलं. मग चिंताक्रांत होऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमचं अवघड हाय. केस कुठं संपलं आन् आभाळ कुठं सुरू झालं, कळत न्हाय."

मी तेव्हा तिशीतला होतो. आता पन्नाशीत ती अडचण उरलेली नाही. सगळं आभाळच आहे.

दाजी गेल्या वर्षी गेले. त्यांना न पाहिलेल्यांना त्यांच्याविषयी सांगायचं तर वाघापासून सुरुवात करावी लागेल. वाढदिवसाचा फ्लेक्स करायला कुणी आलं की दाजी विचारायचे, "मागं काय ठिवू? वाघ, सिंव्ह का नुस्तं ढग?" गिऱ्हाईक बिचकलं तर लगेच धीर द्यायचे, "वाघ फुकट हाय." त्यामुळे आमच्या तालुक्यात एका काळात वाघाशिवाय कुणाचाच वाढदिवस साजरा होत नसे. दूध डेअरीत काटा बघणाऱ्या सरळ माणसाच्या मागेही हे एवढे जबडे.

पण स्वतः दाजींना वाघ आवडायचा नाही. "हितल्या माळावर वाघ कवा हुता?" ते म्हणायचे. "हितला मालक लांडगा." त्यांचे वडील, आबा, मेंढरं राखायचे. नंतर कालवा आला, थोडी जमीन भिजली, मेंढरं गेली. पण आबांनी जन्मात लांडग्याला शिवी दिली नव्हती. कळपातलं एखादं कोकरू लांडग्यानं नेलं तरी ते मागे धावायचे नाहीत. त्याचा वाटा त्यानं नेला, एवढंच म्हणायचे. दाजींनी ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली होती की त्या कोकराचा रंगही मला पाठ झाला होता.

त्या लांडग्यापायीच दाजींनी पन्नाशी ओलांडल्यावर कार्टून काढायला घेतलं. मोबाईलवर बघून बघून चित्र हलवायला शिकले. मालिकेचं नाव 'माळाचे राखणदार'. त्यात लांडगा, तरस, मुंगूस, घुबड आणि गाढव असे पाच जण. दिवसा साधी जनावरं. अंधार पडला की डोळ्यांना काळी पट्टी बांधून माळावर निघायची आणि पोलिसांनी, तलाठ्यानं, कुणीच ज्याला हात लावला नाही त्या माणसाला अद्दल घडवायची. लांडग्याचा आवाज दाजींचा. घुबडाचा आक्काचा.

"घुबड म्हणून मीच का?" आक्कानं विचारलं.

"तुला समदं दिसतंय म्हणून," दाजी म्हणाले. "आन् दिसलं की तू बोलतीस."

गाढवाचा आवाज माझा. मी बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. बारामतीलगतच्या जळोचीत राहतो. तिथून सुट्टीच्या दिवशी इंदापूरला जायचो आणि आवाज घुमू नये म्हणून आक्काच्या गोधड्या चौफेर टांगलेल्या खोलीत उभा राहून ओरडायचो. माझी कुठलीही परीक्षा घेण्यात आली नव्हती. दाजी म्हणाले, "तुमी फकस्त नेहमीसारखं बोला."

पहिल्या भागात त्यांनी रात्री कालव्याचं पाणी पळवणाऱ्याला धरलं, दुसऱ्यात हरणांमागे बंदूक घेऊन जीप फिरवणाऱ्यांना, तिसऱ्यात कलिंगडाच्या काट्यात पाप करणाऱ्या दलालाला. प्रत्येक वेळी शेवटी लांडगा ढेकळांच्या उंचवट्यावर उभा राहायचा, लांबलचक हेल काढून ओरडायचा आणि म्हणायचा, "माळानं बघितलंय!" मग बाकीचे चौघं चोराला पळवून पळवून चिखलात लोळवायचे. हा हा म्हणता गावोगावच्या ग्रुपवर तो लांडगा फिरायला लागला. पोरं शाळेत हेल काढायला लागली. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी मला गंभीरपणे सांगितलं, "तुमचं गाढव फार नैसर्गिक आहे." दाजींच्या दुकानात तर लोक आता वाघ नको म्हणायला लागले. "लांडगा ठिवा, तुमचाच."

इथंपर्यंतच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या भागातला चोर विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी पळवणारा होता. दाजींची माणसं काढायची पद्धत फ्लेक्सवाल्याची. कॉम्प्युटरवर तालुक्यातले असतील नसतील तेवढे चेहरे साठलेले. कुणी ओळखू नये म्हणून ते एकाचं नाक घ्यायचे, दुसऱ्याच्या भुवया, तिसऱ्याचं कपाळ, आणि सगळं शिवून त्यावर रंग फिरवायचे. "गोधडी हाय ही," म्हणायचे. "कुणाचं लुगडं कुठं गेलं, कुणालाच कळायचं न्हाय." या चोराला त्यांनी पुढे वळलेली मिशी दिली, पुढच्या दातांत फट दिली आणि मोटार लपवून न्यायला भंगाराचा तीनचाकी गाडा दिला. गाड्यावर फाटकी निळी छत्री.

तो भाग तयार झाल्यावर आम्ही तिघांनी पाहिला. आक्का म्हणाली, "अहो, हा आपला शंकर वाटतोय."

शंकर भंगारवाला दाजींच्या गल्लीत रोज यायचा. त्याच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा छोटा फ्लेक्स दाजींनीच केला होता; कोपऱ्यात तो स्वतः, फटीतून हसताना.

"मिशी काय, समद्यांचीच तशी आस्ती," दाजी म्हणाले.

"आन् गाडा?"

"गाडा दारातनं दिसतोय म्हणून काढला. गाड्याला काय नाव आस्तं व्हय?"

आक्का बोलायचं थांबली. भाग मोबाईलवरून सगळीकडे गेला.

पहिले काही दिवस पोरं शंकरच्या गाड्यामागे हेल काढत पळायची आणि तोही हसायचा. "लांडगं आलं, लांडगं आलं," म्हणत छत्रीमागे लपायचा. मग गावाबाहेरच्या एका विहिरीवरची मोटार खरंच चोरीला गेली. त्या संध्याकाळी गल्लीतल्या आणि वस्तीवरच्या पोरांनी शंकरला रस्त्यात अडवलं. गाडा उलथा केला. त्यात तांब्याच्या तारेचं भेंडोळं निघालं. एका मोटार दुरुस्तीवाल्याकडून त्यानं ते सकाळीच रीतसर विकत घेतलं होतं. ते कुणी ऐकून घेतलं नाही. त्याचा उजवा हात कोपरात मोडला.

या प्रकाराचा व्हिडिओ दाजींना त्यांच्याच एका गिऱ्हाइकानं कौतुकानं पाठवला. मी शेजारी बसलो होतो. चित्रात धड काही दिसत नव्हतं, नुसते पाय आणि धूळ. आवाज मात्र स्वच्छ होता. आधी तो लांबलचक हेल, अगदी दाजींसारखा, आणि मग चार-पाच गळे एकदम, "माळानं बघितलंय!"

दाजींनी मोबाईल उलटा ठेवला. मग म्हणाले, "माळानं काय बघितलं, पाव्हणं? मी तर हितं खुर्चीत बसलो हुतो."

पोलिसांनी शंकरलाच नेऊन चौकशी केली, तारेचा खुलासा झाला, त्याला सोडलं. मोटार कुणी नेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण गल्लीनं ठरवून टाकलं होतं. शंकर बायको-मुलीला घेऊन भवानीनगरला, सासुरवाडीला निघून गेला.

दाजींनी चौथा भाग काढून टाकला, पाठोपाठ बाकीचेही. पण जे फिरायचं ते फिरलं होतं. लोक विचारायचे, "पुढचा भाग कवा?" दाजी म्हणायचे, "लांडगा आजारी हाय." काही दिवसांनी लोकच म्हणायला लागले, दम संपला म्हाताऱ्याचा. ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

मग एका रविवारी मला म्हणाले, "गाडी काढा. भवानीनगरला जायाचंय." वाटेत त्यांनी मोबाईलवर एक डिझाइन दाखवलं. स्टँडसमोर लावायचा मोठा फ्लेक्स. शंकरचा फोटो, मागे ना वाघ ना ढग, स्वच्छ पांढरं. वर लाल अक्षरांत 'हा माणूस निर्दोष आहे' आणि खाली 'चूक माझी' म्हणून दाजींचं नाव. मला ते भारी वाटलं. मी तसं म्हणालोसुद्धा. गाढवाचा आवाज मला उगाच मिळाला नव्हता.

शंकर ओट्यावर बसला होता, हात गळ्यात. त्यानं बसा म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. डिझाइन त्याच्या बायकोनं, सुमननं पाहिलं.

"हे स्टँडवर लावणार?" तिनं विचारलं.

"व्हय. समद्या तालुक्याला दिसंल."

"तेच म्हणतीया मी. ज्यांना ठावं न्हाय, त्यांनाबी दिसंल. उभं ऱ्हाऊन वाचतील, कसला निर्दोष, काय केलं हुतं ह्यानं? आमी ह्याचं तोंड लोकांनी इसरावं म्हणून हितं आलो. आन् तुमी परत टांगणार?"

दाजी वरमले. "मग काय करू, तू सांग पोरी."

"ज्यांनी मारलं, ज्यांनी दारात उभं राहून बघितलं, त्यांच्या दारी जावा. तोंडानं सांगा. एकेकाला."

शंकर फक्त म्हणाला, "आन् माझं चित्र काढू नका. चांगलंबी काढू नका."

आयुष्यभर एक गोष्ट एकदाच छापून सगळ्या तालुक्याला दाखवणारा हा माणूस. त्यानंतर तो दारोदार फिरायला लागला. संध्याकाळी दुकान बंद केलं की दाजी निघायचे. मी असलो तर मी बरोबर, मुख्यतः चपलांपाशी उभा राहायला. कुणी चहा द्यायचं, कुणी हसायचं. कुणी म्हणायचं, "जाऊ द्या की दाजी, झालं गेलं." एका घरात तर वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आलेत असं समजून पोराला फोटोसाठी उभं केलं. दाजी प्रत्येक ठिकाणी तेच बोलायचे. "शंकरनं मोटार न्हेली न्हाय. ते तोंड मी माझ्या सोयीनं शिवलं हुतं. त्याचा काय संबंध न्हाय."

सगळ्यात अवघड घर दुकानासमोरचं. तिथला थोरला मुलगा, विकास, मारणाऱ्यांत पुढे होता. तो दारातच उभा राहिला. मागे त्याची आई.

"त्यानं न्हेली न्हाय, मग कुणी न्हेली?" विकासनं विचारलं.

"म्हाईत न्हाय."

"तुमाला म्हाईत न्हाय, मग तो नव्हता हे कसं म्हाईत?"

"तू बघितलंस का नेताना?"

"समदा गाव म्हणत हुता."

"गावाला मीच सांगितलं हुतं, बाळा."

"मग चोर कोण ते सांगा की!"

"म्हाईत न्हाय," दाजी पुन्हा म्हणाले. इतक्या शांतपणे की मलाच राहवेना. मोटार गेली आहे, चोर आहे, आणि त्याच्या धडावर कुठलंच तोंड बसवायचं नाही, हे दाजींच्या धंद्याला किती जड जात असेल, ते मला त्या दारात कळलं. विकासनं दार लावून घेतलं. पुढे कधीही, कुणाविषयीही, घरात कुणी "तोच असणार" म्हणालं की दाजी मान वर न करता विचारायचे, "तू बघितलंस?" फार चिडायला व्हायचं. आक्काचं दुधाचं पातेलं मांजरानं सांडलं तरी तेच.

वर्ष उलटून गेलं. एका दुपारी मी दुकानात बसलो होतो आणि गल्लीच्या तोंडाशी ओळखीची हाळी आली, "ए भंगाऽऽर, रद्दीऽऽ!" दाजी ताडकन उठले. मला वाटलं, धावत बाहेर जातील. त्यांनी जाऊन शटर अर्धं खाली ओढलं आणि अंधारात स्टुलावर येऊन बसले.

"अहो, जा की बाहेर," मी म्हणालो. "दोन शब्द बोला."

"नको पाव्हणं. मी दिसलो की त्याला ती संध्याकाळ दिसंल. धंदा करू द्या त्याला."

शटरखालून गाड्याची चाकं दिसली. आक्का पत्र्याचे डबे घेऊन वरच्या घरातून खाली उतरली. तिचा आवाज ऐकू आला, "सुमन बरी हाय का रं?" आणि त्याचा, "बरी हाय." काटा तो डाव्या हातानं धरत असावा, डबे दोनदा खाली पडले.

"आक्कानं दिलं," दाजी कुजबुजले. "आक्का सोडून दुसरं कोण देतंय त्याला?"

मी वाकून पाहिलं. समोरचं दार उघडलं होतं. विकासची आई पायरीवर उभी होती.

"समोरच्या वहिनी आल्यात दारात."

"हातात काय हाय?"

"रद्दीचं गाठोडं."

"उतरल्या का?"

"नाही अजून. उभ्याच आहेत."

"मग बसा हितं माझ्यापाशी," दाजी म्हणाले आणि त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "उगा डोकावू नका. त्यांना उतरू द्या."