खर्जाचा कोपरा

डोक्यात खूळ शिरलं की मी कुणाचं ऐकत नाही, स्वतःचंसुद्धा नाही. मालवणात वीज आली त्याच्या दुसऱ्या वर्षी एका तंबूतल्या सिनेमाचं सामान मोडीत निघालं आणि मी त्यातला सुपाएवढा स्पीकर घरी आणला. त्याला फणसाच्या फळ्यांची पेटी केली. रेडिओच्या स्वतःच्या आवाजात तबला म्हणजे नुसत्या टिचक्या. मला डग्ग्याचा खर्ज हवा होता, पोटात जाणवणारा.

पेटी रेडिओला जोडली. खर्जाचा पत्ता नाही. खोलीच्या मधोमध ठेवली, स्टुलावर चढवली, शेवटी शिव्या घातल्या. मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने युक्ती सांगितली. पेटी आपल्या खुर्चीत बसवायची, रेडिओ लावायचा आणि आपण कान खाली करून खोलीभर रांगायचं. जिथे खर्ज भरून येईल ती पेटीची जागा.

रविवारी सकाळी मी लेंगा खोचून माजघरात रांगायला लागलो. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी आत्या. ती लहानपणीच विधवा झाली, माझ्या वडिलांनी तिला माहेरी आणली. पुढे आईवडील गेल्यावर मला वाढवलं तिनेच. ती हातात डाव घेऊन दारात उभी राहिली.

"ह्या वयात रांगतंस कित्याक रे? परत दात येतत काय?"

मी लक्ष दिलं नाही. देवघराच्या भिंतीकडचा कोपरा आला आणि काय सांगू, डग्गा छातीत घुमला. खूळ सार्थकी लागलं. फक्त तो कोपरा आत्याचा होता. तिची पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि औषधाची बाटली तिथे मला कळतं तेव्हापासून होती.

"आत्ये, तुझा सामान पडवीत हलवया," मी जमिनीवरूनच हुकूम सोडला.

आत्याशी भांडणात मी आजवर जिंकलेलो नाही, त्यामुळे पदर खोचून ती कधी सुरू होते याची वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "देवाक इचारूया."

यात नवल नव्हतं. म्हैस आज व्यायची का इथपासून सगळ्यासाठी आत्या देवाचा कौल घ्यायची. गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, चला, देवाला तरी खर्जाची कदर असेल.

देवळात आत्या गुरवाच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. त्याने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ही तुजी लेक इचारता. भावाच्या घरात हिका आता जागा आसा काय नाय? आसा तर उजवो दी, नाय तर डावो."

"होय महाराजा," मी सवयीने जोरात म्हटलं. मग शब्द डोक्यात शिरले. पेटीचं त्यात नावही नव्हतं.

आत्या हात जोडून पाकळ्यांकडे बघत होती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. आता मी उजवीची मनधरणी करायला लागलो, पड गो बाय, पड एकदा. ती हलेना. आणि आमच्या डोळ्यांदेखत डावी सुटली आणि खाली पडली.

आत्याने डोळे पुसले आणि ती उठायला लागली. मी तिचा हात धरला.

"तो कौल माझ्या पेटीक पडलो आत्ये," मी म्हटलं. "तुका न्हय."

"असा चलणा नाय," गुरव म्हणाला.

"चलता," मी त्याच्यावर डाफरलो. "घर माझा आसा, माका ठावक."

आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरलो. अर्धी वाट झाली.

"मगे पेटी खंय ठेवतलंस?" तिने विचारलं.

"गोठ्यात."

ती आणखी दहा पावलं चालली.

"गोठ्यात नको," ती म्हणाली. "म्हैस दूध देवची नाय. माझ्या उशाक ठेव."