मांजराचे टाके आणि काकूंची गादी

यवतमाळच्या डॉक्टरांनी मांजराच्या गळ्यात घातलेली प्लास्टिकची कॉलर मुकुटबनला पोचायच्या आतच फुटली. एसटीत माझ्या पायाशी भाजीचं क्रेट, क्रेटमध्ये मांजर, वरून माझी ओढणी. कुणीतरी उतरताना आपली बॅग त्यावर टेकवली आणि कट्ट असा आवाज आला. ओढणी उचलून बघितलं तर कॉलर मधोमध चिरलेली आणि मांजर गुंगीतच, जिभेचं टोक बाहेर. बॅगवाला कधीच उतरून गेला होता. भांडायला माणूसच नव्हतं.

मी सातवीनंतर शाळा सोडली. तेव्हापासून शिकलेलं माणूस काही सांगायला लागलं की ते पाठ करायची सवय लागली, कारण विसरलं तर परत विचारायची लाज वाटते. डॉक्टरांचं बोलणं मी बसमध्ये सारखी घोकत होते. गर्भाच्या पिशवीत पू झाला होता, पिशवी काढली. आतले टाके विरघळतील, पोटावरचे काढावे लागतील. तोवर चाटू द्यायचं नाही, उडी मारू द्यायची नाही, जखम ओली होऊ द्यायची नाही. आणि शेवटचं, ते मी घोकत नव्हते तरी येतच होतं: "टाके उसवले तर पुन्हा भूल द्यावी लागेल. ती फार अशक्त आहे. दुसरी भूल सोसेल, असं मी म्हणणार नाही."

मी मूळची राजापूरकडची. नवरा इथल्या खाणीवर मशीन चालवतो, म्हणून इथं. तो कामावर गेला की दिवसभर बोलायला हे मांजरच. एका शेतकरी घराची मागची खोली आम्ही भाड्यानं घेतली आहे. पुढं काका-काकू राहतात, त्यांच्या मुली लग्न होऊन गेल्यात. आणि मधल्या खोलीत राहतो कापूस. भाव येईल म्हणून दिवाळीपासून ठेवलेला, पार आढ्याला टेकलेला. आमच्यात आणि त्याच्यात एक भिंत, तीही वरपर्यंत पोचत नाही. आमच्याकडे कोकणात कापूस म्हणजे दिव्याच्या वातीपुरता. पहिल्यांदा तो ढीग बघितला तेव्हा मी त्याला हात लावून बघितला होता, आणि काकू हसल्या होत्या.

या काकूंना मी कधी उलटून बोलेन असं मला वाटलं नव्हतं. गेल्या थंडीत मला टायफॉईड झाला तेव्हा नवऱ्याला सुट्टी मिळेना. काकूंनी मला उठवून बसवलं, डोकं पुसलं, भाताची पेज पाजली. माझ्या आईनंही इतकं केलं नसतं, असं म्हणणार नाही. आईनं केलंच असतं. पण आई दीड दिवसाच्या प्रवासावर.

मी क्रेट घेऊन दारात आले तर काकू वाटच बघत होत्या.

"आली काय वं माय? दे इकडं. कशी सुकून गेली बिचारी."

"काकू, हात नका लावू. कॉलर फुटली. ती चाटेल आता टाके."

"मंग दुसरी करू नं. त्यात काय हाय एवढं?" आणि त्यांनी आतून काकांच्या गुडघ्याचा एक्स-रे आणला. तो गोल गुंडाळून, कडेला कापडाची पट्टी शिवून त्यांनी इतकी छान कॉलर केली की मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. उजेडात मांजर बसलं की त्याच्या कानामागं काकांच्या गुडघ्याची वाटी दिसायची.

काका म्हणाले, "जन्मभर या घुटन्यानं नांगर हाकला. आता मांजराच्या गयात जाऊन बसला."

"तुमच्यापरीस तिले शोभते," काकू म्हणाल्या.

तिथपर्यंत सगळं बरं होतं.

पण काकूंची स्वतःची पिशवीही काही वर्षांपूर्वी काढलेली. त्यामुळं या ऑपरेशनमध्ये काय करायचं असतं ते डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, अशी त्यांची खात्री होती. बाई ऑपरेशन होऊन आली की तिचं काय काय करतात ते सगळं त्यांनी मांजराला लागू केलं. पोट बांधायला जुन्या लुगड्याची पट्टी काढली. मी ती सोडवली. शेक द्यायला मातीच्या भांड्यात निखारे आणले, मे महिन्यात, मुकुटबनला, जिथं दुपारी अंगणातल्या नळाचं पाणी हात भाजतं. मी ते परत नेऊन ठेवलं. बुद्धपौर्णिमेला विहारातून खीर आली, ती मी कपडे वाळत घालायला गेले तेवढ्यात मांजराला वाटीभर मिळाली. संध्याकाळी मांजर खोलीभर हगलं, शेपटी भरली, आणि टाक्यांपर्यंत जाऊ नये म्हणून मी त्याला एका हातात धरून दुसऱ्या हातानं पुसत बसले.

"काकू, दूध-साखर नको म्हटलंय डॉक्टरांनी."

"पौर्णिमेची खीर हाय थे. घरातल्या साऱ्या जिवाइनं खा लागते."

मी खिरीची वाटी धुऊन ठेवली.  मी गप्प बसते हे माझं नेहमीचंच, पण इथं आणखी एक होतं. ज्या हातानं मला पेज पाजली तो हात मी कसा ढकलू?

मग त्यांनी गादी केली.  ढिगातला चांगला पांढरा कापूस त्यांनी पदरात घेतला आणि दोन दुपारी दारात बसून बोटांनी त्यातली सरकी काढली. सरकी म्हणजे कापसातलं बी, ते सहज सुटत नाही, नखं दुखतात. मग जुन्या साडीची खोळ शिवून, मध्ये दोरे भरून एवढीशी गादी. मांजरापुरती.

"माह्या ऑपरेशनच्या वक्ती माह्या मायनं मले नवी गादी भरून देल्ली होती," त्या म्हणाल्या. "हिले माहेर कुठं हाय? मंग आपणच करा लागते."

मांजर त्या गादीवर चढलं, दोनदा गोल फिरलं आणि बसलं. काकूंच्या तोंडावरचा आनंद बघून मी म्हणाले, "फार छान झाली." खरंच छान झाली होती.

त्या दिवसापासून मांजर सुधरायचं तर बिथरलं. आधी निजायचं तरी. आता बसलं की उठायचं, पोट गादीवर घासायचं, मागच्या पायानं टाक्यांकडे ओरबाडायचं. एक्स-रेची कॉलर चाटणं थांबवते, पाय थांबवत नाही. मी त्याच्या मागच्या पायात नवऱ्याचे मोजे घातले. ते त्यानं झटकून टाकले. मी पाय धरून बसले तर ते माझ्यावर गुरगुरलं, जे त्यानं कधी केलं नव्हतं. टाक्यांच्या कडेला लाल पुरळ उठलं. मी यवतमाळला फोन लावला. तिथल्या मुलीनं सांगितलं, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, नंतर करा. नंतर केला तर, फोटो पाठवा. फोटो पाठवला तर, स्पष्ट नाही. मोबाईलची काच फुटलेली आहे माझ्या, स्पष्ट कुठून येणार? मग एक मलम सांगितलं. मलम लावलं की मांजर गादीवर पोट घासून ते पुसून टाकायचं.

मला राग यायला लागला. डॉक्टरांचा, त्या फोनवरच्या मुलीचा, बॅगवाल्याचा, नवऱ्याचा. नवरा म्हणायचा, "टाके सुकतात तेव्हा खाज येतेच." मांजराचाही राग आला. एकदा मी त्याला म्हणाले, "मर मग."  आणि लगेच त्याच्या कॉलरमध्ये तोंड घालून बसले.

एका दुपारी मी त्याला धरून धरून थकले आणि जमिनीवरच आडवी झाले. उजवा हात त्याच्या गादीवर ठेवला, उठलं तर कळावं म्हणून. डोळा लागला. जाग आली ती हाताच्या आगीनं. मनगटापासून कोपरापर्यंत लाल फोड, ओळीनं. डावा हात स्वच्छ. उन्हाळाभर मानेवर, पाठीवर मला असं उठत होतं, मी घामोळं म्हणून पावडर थापत होते. पण घामोळं एकाच हाताला कसं येईल?

मी तो हात तसाच काकूंना दाखवायला गेले. त्या गहू निवडत होत्या. एका नजरेत म्हणाल्या, "कापसाची खाज होय थे."

"कापसाची?"

"उन्हायात घरी कापूस राह्यला की त्याच्यात बारीक किडे पडतेत. मंग खाजवतच राहा लागते. हे पाय नं." त्यांनी पोलक्याची बाही वर केली. सगळा दंड तसाच. मग पेपर वाचणाऱ्या काकांकडे बोट दाखवलं. "यायची तं पाठ पाय. दरसाली होते. कापूस गेला की जाते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"आता कापूस म्हटला की खाज आलीच. थे काय सांगायची गोष्ट हाय?"

 मला वाटतं, रडण्याच्या आणि ओरडण्याच्या मध्ये कुठंतरी होते.

"आणि त्याच कापसाची गादी केलीत तिला?"

"काहून? हे मांजर तं सदा त्या ढिगावरच झोपे. तवा कुठं खाजवे?"

खरं होतं. हिवाळाभर ते ढिगावरच झोपायचं. मी परत खोलीत गेले, मांजराला उलटं केलं, आणि मला दिसलं, जे मी इतके दिवस रोज बघत होते. ऑपरेशनसाठी त्याचं सगळं पोट भादरलेलं. गुलाबी, उघडं, माझ्या हातासारखं. आणि खालच्या टोकाचा एक टाका अर्धा सुटलेला.

मग मी ओरडले. इथं आल्यापासून पहिल्यांदा. गादी उचलून अंगणात टाकली आणि म्हणाले, "मला नको तुमची गादी, नको तुमची खीर, काही नको. मला माझं मांजर जिवंत हवं आहे. तुम्ही एकदा तरी ऐकाल का मी काय म्हणते ते?"

 काकूंनी गव्हातला खडा काढून बाजूला ठेवला. काका पेपराआडून म्हणाले, "बोलली बाप्पा, कोकणवाली," आणि काकूंनी बघितल्यावर परत पेपरात गेले.

बोलून झालं तरी प्रश्न तोच होता. मांजर ठेवायचं कुठं? माझ्या खोलीत भिंतीवरून कापसाची धूळ येते. अंगणात कुत्री. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ऑपरेशन केलं नसतं पण बघायला नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "वरचा एकच टाका ढिला झालाय, आतलं धरून आहे. पण अजून ओरबाडलं तर नाही धरणार."

परत आले तर न्हाणीत खसखस आवाज येत होता. काकू फरशी कोरडी करत होत्या. बादली, घंगाळ, साबण, सगळं बाहेर काढलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या घरात कापूस नसलेली हेच जागा हाय. तुही सुती साडी आण एखादी, धुतलेली. माह्या साड्याइले कापूस लागला असन."

"आणि अंघोळीचं काय?"

"जावेकडं करू. तिले तेवढंच बोलाले भेटन."

मांजराचे टाके निघेपर्यंत आम्ही चौघं शेजारी काकूंच्या जावेच्या घरी अंघोळीला गेलो. काका टॉवेल खांद्यावर टाकून निघाले की गल्लीतलं कुणीतरी विचारायचंच, आणि काका सांगायचे, "आमच्या न्हाणीत पेशंट भरती हाय." जाऊ रोज काहीतरी टोमणा मारायची, आणि काकू तो मांजराला ऐकवल्यासारखं मला ऐकवायच्या. माझ्याशी सरळ मात्र बोलायच्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागायची होती, पण ज्या गोष्टीसाठी मागायची ती गोष्ट मी पुन्हा केली असती. पुरळ बसलं. मांजर न्हाणीच्या गार फरशीवर पाय पसरून झोपायला लागलं. सुटलेल्या टाक्याच्या जागी कडक खपली धरली.

टाके गुरांच्या डॉक्टरांनीच काढले. त्यांच्याकडचा बैल आवळून धरणारा माणूस मांजर धरताना घाबरला, त्याला दोन ओरखडे पडले. मी घरी आले, कॉलर काढली, आणि मांजरानं अंग झटकलं, आळस दिला आणि सरळ मधल्या खोलीकडे निघालं. ढिगाकडे.

"ए," मी म्हणाले, पण माझ्या आधी काकू दारात आडव्या झाल्या, हातात खराटा.

"कुठं चालली वं? पोटावर केस येऊ दे आधी. नाहीतं हे कोकणवाली मलेच घराबाहेर काढन."

मग माझ्याकडे वळून, इतक्या दिवसांनी सरळ, "आता तं थोडं दूध चालते नं?"

मी म्हणाले, "पाण्यात मिसळून. दोन चमचे."

त्या आत गेल्या, आणि मला ऐकू आलं, पातेल्यातून वाटीत पडणारं दूध दोन चमच्यांपेक्षा बरंच जास्त वेळ पडत होतं.