रोज एक मिलिमीटर

बाई प्रयोगशाळेत लागल्या तेव्हा काचेची भांडी धुणं, उंदरांचे पिंजरे साफ ठेवणं आणि सरांना लागेल ते हाताशी देणं, एवढंच त्यांचं काम होतं. विज्ञानाची साधी पदवी, अंगावर दोन मापं मोठा पांढरा कोट आणि मूग गिळून बसायची सवय. सर म्हणजे रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जरी विभागाचे प्रमुख. तुटलेली बोटं जोडायची, भाजलेल्या मानेवर पाठीची त्वचा आणून बसवायची, हे त्यांचं रोजचं काम. तिसऱ्या मजल्यावरची ही प्रयोगशाळा मात्र त्यांचं वेड होतं. तुटलेला मज्जातंतू जोडला तर तो पुन्हा वाढतो कसा, आणि कधी कधी वाढता वाढता वाट का चुकतो, हे त्यांना शोधून काढायचं होतं.

एका दुपारी सरांचा मदतनीस आला नाही. सरांनी बाईंना सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं आणि चिमटा हातात देऊन नुसतं धरून ठेवायला सांगितलं. बाईंनी भिंगाला डोळे लावले आणि त्या तिथेच हरवल्या. केसाहून बारीक दोरा तिथे दोरखंडाएवढा दिसत होता. उंदराच्या मांडीतला तंतू पाण्याखालच्या वेलासारखा चमकत होता. आपण श्वास घेतला की ते सगळं जग हेलकावतं, हे ध्यानात आल्यावर त्यांनी श्वास हळू केला. मग इतका हळू केला, की सरांनी दोनदा मान वळवून पाहिलं. बाईंचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

पुढल्या वर्षी टाके त्याच घालू लागल्या. आणखी काही वर्षांनी नवे सर्जन टाके शिकायला त्यांच्याकडेच येऊ लागले. प्रत्येकाचं बाईंनी मनातल्या मनात काहीतरी नाव ठेवलेलं असे. त्यातली एक मुलगी फार हुशार, पण गाठ बसायच्या आधीच तिची पुढच्या टाक्याकडे धाव. तिचं नाव ‘घाईवाली’ पडलं आणि ते एकदा बाईंच्या तोंडून निसटलं. मुलगी खळखळून हसली आणि तेव्हापासून अख्खा विभाग तिला तेच म्हणू लागला.

जोडलेला तंतू कामाला लागला की नाही हे बघायची रीत साधी होती. उंदराच्या मागच्या पायांना शाई लावायची आणि त्याला कागदाच्या लांब पट्टीवरून चालू द्यायचं. पाय बरा होत असेल तर पावलाचा ठसा आठवड्या-आठवड्याला बदलत जाई. सुरुवातीला नुसता फरफटल्याचा डाग, मग टाच, मग एक एक बोट उमलल्यासारखं उमटे. बाई त्या पट्ट्या दोरीवर वाळत घालायच्या. खिडकीतून वारा आला की शेकडो इवलीशी पावलं हवेत चालत निघायची. बाई हातातलं काम तसंच ठेवून त्यांच्याकडे बघत उभ्या राहायच्या. घरी धुतलेले कपडे वाळत घालतानाही त्यांच्या डोळ्यांपुढे तीच पावलं असत.

अशीच बघता बघता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. तंतूची दोन टोकं चार टाक्यांनी घट्ट भिडवली, की आतले धागे एकमेकांवर चढून वाट चुकायचे. त्याऐवजी दोनच टाके घातले, टोकांमध्ये केसाएवढी फट ठेवली आणि भोवती रक्तवाहिनीच्या तुकड्याची बाही चढवली, तर धागे आपापली वाट शोधत पलीकडे जायचे. सरांना सांगायचा धीर व्हायला त्यांना दोन वर्षं लागली. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, की तंतू जोडताना फट ठेवायची म्हणजे दार लावताना उघडं ठेवण्यासारखं झालं. पण नको असंही म्हणाले नाहीत. त्यानंतर बारा वर्षं बाईंनी वही लिहिली. क्रमांक, तारीख, टाके किती, पाऊल कसं. जमलं ते लिहिलं आणि जिथे तोंडघशी पडल्या तेही लिहिलं.

बाईंना एक थोरली बहीण होती. बाई अविवाहित आणि ताईचे यजमान लवकर गेलेले, त्यामुळे दोघी एकत्रच राहायच्या. ताई लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. तिच्या हसण्याचा आवाज दोन वर्ग पलीकडे जायचा. मग तिच्या कानापुढे एक गाठ निघाली. ती काढताना चेहऱ्याचा तंतूही कापावा लागला. जीव वाचला, पण उजवा गाल कायमचा झोपला. त्या बाजूचा ओठ लोंबला. चहा पिताना ताई बोटाने ओठ उचलून धरू लागली आणि फोटो काढायची वेळ आली की तिला नेमकं दुसऱ्या खोलीत काहीतरी काम निघू लागलं. वर्गातल्या एका चिमुरडीने एकदा तिला विचारलं, की तुम्ही माझ्यावर रागावलात का. तिने शाळा सोडली नाही, पण मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहायची तिची वेळ वाढली.

अशी चार वर्षं गेली. एवढ्या काळात गालाचे मूळचे स्नायू सुकून गेले होते. घाईवाली आता विभागातली नावाजलेली सर्जन झाली होती. तिने ताईला तपासून दोन टप्पे सांगितले. आधी पोटरीतला एक तंतू काढून तो चांगल्या गालापासून वरच्या ओठाखालून झोपलेल्या गालापर्यंत न्यायचा. चांगल्या बाजूचे धागे त्यातून वाढत पलीकडे पोचले, की मांडीतल्या स्नायूचा तुकडा गालात बसवून त्या तंतूला जोडायचा. त्याच सुमारास बाईंची दोन टाक्यांची पद्धत माणसांवर करून बघायला रुग्णालयाच्या समितीने परवानगी दिली होती. अजून एकाही रुग्णाने होकार दिला नव्हता. चार टाक्यांची नेहमीची आणि बाईंची, अशा दोन्ही पद्धती ताईला घाईवालीनेच समजावून सांगितल्या. सरांनी बाईंना बजावलं, की बहीण आहे, तेव्हा यात तुम्ही पडू नका. तसं सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन बाईंनी ताईला सांगून टाकलं, “मला काही विचारू नकोस. उंदरांचं मला माहीत आहे. तुझं माहीत नाही.”

“तुला नाही विचारणार,” ताई म्हणाली. “तुझी वही दे.”

वही म्हणजे एकूण नऊ वह्या निघाल्या. सरांना विचारून बाईंनी त्या घरी आणल्या. ताई तीन दुपारी खिडकीपाशी बसून, मुलांचे पेपर तपासावेत तशी, बोट ठेवून एक एक ओळ वाचत होती. मधूनच ती विचारायची, की एकेचाळीस नंबरचं पुढे काय झालं. बाई स्वयंपाकघरातून सांगायच्या. तिसऱ्या दिवशी ताईने शेवटची वही मिटली.

“जे बिघडलं तेसुद्धा तू धडधडीत लिहिलंयस,” ती म्हणाली. “मग जे जमलं त्याच्यावर मी विश्वास ठेवते. दोनच टाके घालू देत.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. माणसावर टाका घालायचा त्यांना अधिकार नव्हता. बंद दाराकडे बघत त्या मनातल्या मनात गाठी बांधत होत्या. दुपार कलल्यावर घाईवाली बाहेर आली. तिच्या कपाळावर भिंगाचा वळ उठला होता. ती म्हणाली, “बाई, आज अजिबात घाई केली नाही.” बाईंनी नुसती मान हलवली.

मग वाट बघणं सुरू झालं. तंतू फार तर रोज एक मिलिमीटर वाढतो. दर रविवारी सकाळी ताई खिडकीतल्या उन्हात डोळे मिटून बसायची आणि बाई तिच्या गालावर बोटाच्या टोकाने हलकेच टकटक करत पुढे सरकायच्या. वाढता तंतू जिथवर आलेला असेल, तिथे टकटक केली की मुंग्या येतात. पहिले काही रविवार काहीच नाही. मग एकदा डाव्या नाकपुडीच्या बाजूला ताई म्हणाली, “इथे.” तीन आठवड्यांनी ती जागा बोटाच्या रुंदीएवढी पुढे सरकली होती.

त्या महिन्यांत बाई अर्धवट झोपेत असल्यासारख्या वावरायच्या. बसमध्ये, जिन्यावर, पिंजऱ्यांना पाणी भरताना त्यांना वाटायचं, आपल्या माणसाच्या ओठाखालून कुणीतरी अनवाणी पायांनी, अंधारात हाताने चाचपत, पलीकडच्या गावाला निघालंय. हाक मारली तर ते दचकेल. म्हणून त्या घरातही हळू बोलायच्या. ताई म्हणायची, “अगं, गालात तंतू आहे, पाळण्यात बाळ नाही.” तिच्या पावलाची बाहेरची कड आता बधिर झाली होती. पोटरीतला तंतू गेल्यावर ते होणारच होतं. ती एकदा एका पायात चप्पल नसतानाच कोपऱ्यापर्यंत जाऊन आली आणि स्वतःवरच हसली. अर्ध्या तोंडानेच.

सहाव्या महिन्यात मुंग्या ओठाच्या मध्याशी आल्या आणि अडकल्या. चार रविवार बोट तिथेच थांबत राहिलं. बाईंचं जेवणावरून लक्ष उडालं. आपल्या फटीत धागे हरवले असतील का, चार टाके घातले असते तर, हा विचार पाठ सोडेना. पाचव्या रविवारी त्यांना टकटक करायचा धीरच होईना. शेवटी ताईनेच त्यांचं बोट धरून स्वतःच्या गालावर नेलं आणि म्हणाली, “पुढे चल.” ओठाच्या पलीकडे, झोपलेल्या बाजूला, मुंग्या होत्या.

दुसरी शस्त्रक्रिया झाली. मांडीतला स्नायू गालात बसला. पुन्हा तीन महिने काही नाही. नंतर एका सकाळी बाई दोन्ही हातांत कप घेऊन आल्या आणि दाराशी त्यांचा पाय अडखळला. कप वाचवायच्या नादात अख्खा चहा त्यांच्याच अंगावर सांडला. ताई हसली. डावा ओठ वर गेला, आणि क्षणभराने, वर्गात उशिरा येणाऱ्या मुलासारखा, उजवाही थोडासा वर गेला. बाई ओल्या कपड्यांनिशी तिथेच खाली बसल्या. ताईने गालाला हात लावला, हात काढला, पुन्हा लावला.

“आता मी मांडीने हसते म्हणायचं,” ती म्हणाली. तेव्हा बाईंनी इतके दिवस दाबून धरलेलं रडं एकदाचं बाहेर पडलं.

हसू पूर्वीसारखं आलं नाही. जरा तिरकं आणि कायम थोडं उशिरा येणारं. ताईनंतर आणखी अकरा जणांनी त्या पद्धतीला होकार दिला. त्यांतल्या आठ जणांचा तंतू नेहमीपेक्षा लवकर पोचला, दोघांचा नेहमीच्याच वेळेला, आणि एकाचा पोचलाच नाही. शोधनिबंधात सरांनी हे आकडे जसेच्या तसे दिले आणि लेखकांमध्ये बाईंचं नाव पहिलं घातलं. बाई तेव्हा नको नको म्हणत होत्या. सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

बाई अजून रोज तिसऱ्या मजल्यावर जातात. ज्याचा तंतू पोचला नाही, त्या माणसाच्या बाबतीत काय चुकलं असेल, ते त्या शोधताहेत. त्यासाठी त्यांनी दहावी वही घातली आहे. ताईची शाळा सुरूच आहे. परवा मुलांना फळ्यावर मांजर काढून दाखवताना तिचं मांजर डुकरासारखं झालं. ती वर्गाकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून सगळी मुलं तिच्या आधीच हसायला लागली.